वेडेवाकडे दात आणि माणसांचा हिशेब

धरण बांधायचे तर सिमेंट किती लागेल हे आपण आधी मोजतो. माणसे किती व कोणत्या गावी लागतील, हा हिशेब मात्र बहुधा राहून जातो. मी अर्थशास्त्र शिकवतो. दातांच्या विद्येशी माझा संबंध एवढ्या हिशेबापुरताच.

दातांना तारा लावून ते ओळीत आणणारा डॉक्टर, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, कसा तयार होतो पाहा. बारावीनंतर पाच वर्षे बी.डी.एस., मग तीन वर्षे एम.डी.एस. आज कॉलेजातल्या जागा वाढवल्या, तर फळ दिसायला आठ वर्षे. आणि चुकले तर पुढची तीस वर्षे ते पुसता येत नाही.

१९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात पात्र दंतवैद्य होते सुमारे हजार. आज नुसती दंत महाविद्यालयेच तीनशेच्या वर आहेत. मग अडले कुठे? अडले अंतरात. तार एकदा लावून भागत नाही. महिन्या-दीड महिन्याने ती आवळावी लागते, आणि हे चालते दीड-दोन वर्षे. म्हणजे शहराच्या पंधरा-वीस फेऱ्या! एस.टी.चे भाडे, मुलाची शाळा, सोबत जाणाऱ्या आईचा बुडालेला रोज, हे सारे त्यात धरा. तज्ज्ञ मात्र फी देणारा जिथे आहे तिथेच पाटी लावतो. त्याला तरी दोष कसा द्यावा?

इंग्लंडात सरकारी खर्चाने हे उपचार हवे असतील, तर आधी मुलाची गरज पाच पायऱ्यांवर मोजतात. केवळ हौस असेल तर नकार. शिवाय तज्ज्ञाच्या सांगण्यानुसार तारा बसवणारे शिकलेले सहायक तेथे असतात. आपल्या १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दात साफ करणारा आणि कवळी करणारा, एवढेच सहायक ओळखले होते.

गुरुजी, बाई, आता तुमच्याकडे वळतो. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढली, की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पक्क्या दाताला वाट उरत नाही. तेवढी जागा राखणारी कडी बसवायला तज्ज्ञ लागत नाही, साधा बी.डी.एस. दंतवैद्य ते करतो. माझे मत विचाराल, तर नव्या तज्ज्ञांच्या जागा मागण्यापूर्वी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असा एक दंतवैद्य मागावा, आणि वर्षातून एक दिवस त्याला दुसरीच्या वर्गात बसवावे.