‘हलाल’च्या पाटीमागचा ताळेबंद

(कबनूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कबनूरच्या पोरापोरींना माग कसा चालतो हे सांगायची गरज नाही. म्हणून आज बँकेचा विषय मागाच्याच भाषेत बोलू या.

माझे अब्बा खर्चीवाले होते. घरचे चार माग. व्याज नको म्हणून त्यांनी बँकेत मुदत ठेव कधी ठेवली नाही. शिल्लक पडली ती ‘हलाल नफा’ देणाऱ्या एका योजनेत घातली. पैसे नेणारा माणूस ओळखीचा आणि नमाजी होता. दरमहा ठरलेली रक्कम घरी यायची. एके महिन्यात आली नाही, नंतर कधीच आली नाही. दोन माग विकून आपाचं लग्न झालं. अब्बांनी त्या माणसाकडं एकही कागद मागितला नव्हता. कागद मागणं म्हणजे त्याच्या इमानावर संशय घेणं, असं त्यांना वाटायचं.

तेव्हापासून मला प्रश्न पडला, की इस्लामी बँका इतर बँकांपेक्षा खरंच चांगल्या चालतात का?

इजिप्तमधल्या मित गम्र इथं 1963 साली अहमद अल-नज्जार यांनी बिनव्याजी बचत बँक काढली. नमुना होता जर्मनीतल्या बचत बँकांचा. 1975 मध्ये दुबई इस्लामिक बँक आली. अशा बँकेत नफा-तोट्यात भागीदारी हे तत्त्व असतं. पण प्रत्यक्षात मोठा भाग मुराबहाचा असतो, म्हणजे बँक माल स्वतः घेते आणि नफा लावून तुम्हाला उधारीवर विकते. आपल्याकडं सुताचा रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, तसंच हे.

आता कामगिरी बघू. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी 2010 मध्ये आठ देशांतल्या सुमारे 120 बँका तपासल्या. 2008 च्या मंदीत इस्लामी बँकांच्या नफ्याला कमी धक्का बसला होता, कारण त्या अमेरिकेतल्या त्या गुंतागुंतीच्या कर्जरोख्यांपासून लांब होत्या. पण 2009 मध्ये काही देशांत त्यांचाच नफा जास्त घसरला. कारण होतं जोखमीचं कच्चं नियोजन. आणखी एका अभ्यासात लहान इस्लामी बँका लहान व्यापारी बँकांपेक्षा भक्कम निघाल्या, तर मोठ्या इस्लामी बँका मोठ्या व्यापारी बँकांपेक्षा कमजोर. म्हणजे पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा बँक चालवणारे हात कसे आहेत, ते महत्त्वाचं.

भारतात काय झालं? 2008 मध्ये रघुराम राजन समितीनं बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. 2016 मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेनं बिनव्याजी सेवा सुरू केली. मात्र 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनं इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढं न नेण्याचं ठरवलं. त्यामुळं आपल्या गल्लीत कुणी ‘इस्लामी बँक’ म्हणून पैसे मागू लागला, तर ती बँक नाही हे पक्कं समजा. 2019 मध्ये बंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी ही ‘हलाल’ गुंतवणूक कंपनी कोसळली. हजारो घरांची पुंजी त्यात गेली.

बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही, अशा योजनांना तर नाहीच.

म्हणून तीन प्रश्न विचारायला शिका. नोंदणी कुठं झाली आहे? लेखापरीक्षण झालेला ताळेबंद दाखवाल का? नफा कुठल्या धंद्यातून येतो आणि तोटा झाला तर माझा वाटा किती? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वीज गेली की माग थांबतो, सूत महागलं की मजुरी परवडत नाही. धंद्याचा नफा कधी दर महिन्याला सारखा येतो का? जो सारखा येतो, तो नफा नव्हे. ते एक तर व्याज असतं, नाही तर दुसऱ्या कुणाची तरी ठेव.

आणि कागद मागताना लाजू नका. कुरआनातली सगळ्यात लांब आयत सूरह बकरामध्ये आहे. ती कशाबद्दल आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, याबद्दल. हे अब्बांना कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर आमच्या घरी आजही चार माग खडखडले असते.