थोडे पाणी, समान हक्क

(किसान कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा गोषवारा)



अवर्षणग्रस्त भागात शेतीचे उत्पन्न कसे वाढवावे, हा प्रश्न बहुधा केवळ तंत्राचा म्हणून मांडला जातो. ठिबक बसवा, पाणी वाचवा, असे शेतकऱ्याला सांगितले जाते. तंत्राचे महत्त्व आपण नाकारीत नाही. परंतु वाचलेले पाणी कोणाच्या शेतात जाणार, हा त्याआधीचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. लागवडीखालील जेमतेम ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे खुद्द केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नमूद केले आहे. कालव्याच्या मुखाशी ऊस डोलतो आणि शेपटाकडची ज्वारी करपते. याचा दोष ऊस लावणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या माथी मारणे मात्र चूक ठरेल. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, ठरलेला गिऱ्हाईक आहे. ज्वारी, तूर, हरभरा यांचे हमीभाव बहुतेकांच्या वाट्याला येतच नाहीत.

यातून वाट निघते, हे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याने दाखविले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. योजना सामूहिक, आणि खर्चाचा २० टक्के भार लाभधारकांवर. चार-दोन बागायतदारांच्या उसात जिरले असते, त्याच पाण्यावर अनेक कुटुंबांची धान्ये व भाजीपाला पिकू लागला. उत्पन्न एकरामागे नव्हे, पाण्यामागे मोजावयाचे असते, हा त्याचा धडा.

परंतु स्वेच्छेच्या प्रयोगाने व्यवस्था बदलत नाही. महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याचा कायदा झाला. हे पाऊल पुढचे खरे. मात्र सभासदत्व लाभक्षेत्रातील जमिनीशी बांधलेले राहिले. ज्याला जमीन नाही, तो पाण्याच्या हक्काबाहेरच राहिला.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात: पाण्याचा हक्क माणसाला, पाण्याची पाळी शेपटाकडून, आणि कमी पाण्याच्या पिकांची हमीभावाने सरकारी खरेदी. या तिन्ही मागण्या एकत्र लढविल्या, तरच थोडे पाणी पुष्कळांच्या घरी धान्य आणील.