पावसाळ्यातील विजेचा हिशेब : पेडणे आणि डिचोली



घरगुती आणि सामूहिक वीजनिर्मितीच्या पर्यायांची तुलना बहुधा प्रतियुनिट खर्चावर केली जाते; परंतु पेडणे आणि डिचोली या तालुक्यांपुरती ती अपुरी ठरते, कारण वीज किती स्वस्त पडते यापेक्षा ती वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी हाती येते, हा प्रश्न येथे अधिक निकडीचा आहे. गोव्याची स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. राज्याची गरज मुख्यतः छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल यांसारख्या दूरच्या औष्णिक केंद्रांवर भागते, आणि शेकडो किलोमीटरांवरून आलेली ही वीज पावसाळ्यात अखेरच्या टप्प्यावर, तारेवर माडाची झावळी किंवा फणसाची फांदी पडली की अडते. म्हणून प्रत्येक पर्यायाची परीक्षा मे महिन्यात नव्हे, तर जुलैमध्ये घेतली पाहिजे.

सौरऊर्जेचा विचार प्रथम करणे योग्य, कारण तिच्यामागे शासनाचे पाठबळ आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. 1 किलोवॉटला सुमारे 10 चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास वीज मिळते. मात्र ही सरासरी फसवी आहे, कारण भर पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत उत्पादन तिच्या खूप खाली जाते. या तुटीवर नेट मीटरिंगचा, म्हणजे उन्हाळ्यात वीज खात्याच्या जाळ्याला दिलेली जादा वीज बिलातून वळती करून घेण्याच्या पद्धतीचा, उपाय सांगितला जातो आणि बिलापुरता तो खराही आहे. पण बिलाचा हिशेब जुळला म्हणून दिवा लागत नाही. जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो, आणि तो तसा पडावाच लागतो, कारण अन्यथा छपरावरची वीज उलट वाहून तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. परिणामी छपरावर पॅनेल असूनही, बॅटरी नसेल तर, ते घर शेजाऱ्याइतकेच अंधारात राहते. ही गोष्ट ग्राहकाला संच बसवण्यापूर्वीच स्पष्ट सांगितली गेली पाहिजे.

जागेची अडचणही लहान नाही. जुन्या घरांची छपरे मंगळुरी कौलांची, त्यांवर माडांची सावली, आणि एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली पडली तरी बहुधा साऱ्या ओळीचे उत्पादन घटते. मोरजी, हरमलच्या किनारपट्टीवर खारी हवा धातूच्या सांगाड्याला गंज चढवते, तर डिचोलीच्या खाणपट्ट्यात पॅनेलांवर धूळ साचते. त्याशिवाय गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे सर्व अपत्यांना समान वारसा मिळत असल्याने एका घराला अनेक मालक असतात, आणि छपराबाबत सर्वांची संमती मिळवणे अनेकदा पैसा उभा करण्याहून कठीण जाते. अशा वाड्यांसाठी शाळेच्या किंवा पंचायतीच्या छपरावर सामायिक संच उभारून त्याची वीज सभासदांच्या बिलांत वाटून देणे, हा अधिक व्यवहार्य मार्ग दिसतो.

सूर्य मंदावतो तेव्हाच ओहोळ भरतात, आणि या साध्या निसर्गक्रमाकडे आजवर फार कमी लक्ष दिले गेले आहे. पाण्यापासून मिळणारी शक्ती प्रवाह आणि उंची यांच्या गुणाकारावर ठरते : सेकंदाला 20 लिटर पाणी 15 मीटर खाली पडत असेल, तर यंत्रातील घट धरूनही सुमारे पावणेदोन किलोवॉट मिळतात, आणि ते दिवसरात्र मिळत असल्याने चोवीस तासांत 42 युनिट होतात, म्हणजे सरासरी दिवशी 10 किलोवॉटच्या सौर संचाइतके. कर्नाटकच्या मलनाडमध्ये बागायतदारांनी असे छोटे जलविद्युत संच अनेक वर्षे चालवले आहेत. पेडणे-डिचोलीतील टेकड्या तितक्या उंच नाहीत आणि योग्य जागा दोडामार्गकडच्या पायथ्यालाच थोड्या सापडतील, हे मान्य केले पाहिजे. साखळीजवळचा हरवळ्याचा धबधबाही उन्हाळ्यात रोडावतो, आणि तीर्थस्थानी यंत्र बसवणे उचितही नव्हे. तिळारी प्रकल्पाचे उदाहरण मात्र विचारात घेण्याजोगे आहे. चंदगडच्या घाटमाथ्यावरून उतरणारे पाणी महाराष्ट्राच्या वीजकेंद्रातून जाऊन खालच्या धरणात येते आणि 1990 च्या आंतरराज्य करारानुसार गोव्याच्या वाट्याला असलेले 73.30 टक्के पाणी कालव्यांतून डिचोली, पेडणे आणि बार्देशकडे वळते. या कालव्यांवर जेथे पाण्याची पातळी एकदम उतरते तेथे लहान टर्बाइन बसवता येईल का, याची मोजणी व्हावी. तसेच 2012 मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात नर्मदेच्या शाखा कालव्यावर उभारलेल्या 1 मेगावॉटच्या सौर छताचाही अभ्यास व्हावा, परंतु असे छत जमिनीवरील संचापेक्षा महाग पडते हे विसरू नये.

शेण आणि ओल्या कचऱ्यापासून मिळणाऱ्या वायूचा वेगळा विचार करावा लागतो. एक घनमीटर वायूपासून दीड-दोन युनिटच वीज मिळते, म्हणून घरगुती वायू चुलीवरच जाळणे शहाणपणाचे. वीजनिर्मिती साळगावच्या 2016 पासून चालणाऱ्या कचरा प्रकल्पासारख्या मोठ्या ठिकाणीच परवडते. वारा आणि लाटा यांचा मोह आवरावा. रत्नागिरीला 1986 मध्ये देशातील सुरुवातीच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या हे खरे, पण पवनचक्कीची शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग निम्मा झाला की शक्ती अष्टमांशावर येते, त्यामुळे झाडीतल्या घरावरील छोटी पवनचक्की क्वचितच खर्च भरून काढते. केरळमधील विळिंजम येथील 1991 चा लाटांवरील प्रयोगही पुढे व्यापारी स्वरूपाला पोहोचला नाही.

या तुलनेतून एकच सर्वश्रेष्ठ पर्याय निघत नाही, आणि तो काढण्याचा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. आरोग्य केंद्र, पाणीपुरवठ्याचा पंप आणि पंचायत कार्यालय यांना सामायिक सौर संच व बॅटरी, पायथ्याच्या वाड्यांना ओहोळाची जोड, स्वयंपाकाला वायू, आणि सर्वांच्या मागे वीज खात्याचे जाळे, अशी रचना या दोन तालुक्यांना साजेशी आहे. तिची सुरुवात मोजमापाने करावी : प्रत्येक पंचायतीने येत्या पावसाळ्यात आपल्या हद्दीतील ओहोळांचा प्रवाह आणि सार्वजनिक छपरांवरील सावली नोंदवावी, आणि वीज खात्याने कोणत्या फीडरवर किती तास पुरवठा खंडित झाला याच्या नोंदी त्या पंचायतींच्या हाती द्याव्यात, अशी विनंती आहे.