माइक कुणाच्या बापाचा?

(मेहकर इथं झालेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललो तसंच लिहिलं आहे. तारखा तेवढ्या नंतर तपासून घातल्या.)



मला इथं कवितेवर बोलायला बोलावलंय. कवितेवर मी बोलणार नाही. मी बोलणार आहे रेडिओवर, आणि रेडिओवर येऊन स्वतःबद्दल बोलणाऱ्या समलैंगिक माणसांवर. बघा, मागच्या रांगेत हसू फुटलंच. हसा. मीपण हसलो होतो. त्या हसण्याचा हिशेब द्यायलाच मी इथं उभा आहे.

२०१७ साल. गोदीत लागून मला वर्षही झालं नव्हतं. आमच्या टोळीत एक आपल्याच जिल्ह्यातला होता, लोणारकडचा, बुद्धवाड्यातला. दहावी तोही, दहावी मीही. खोलीत आठ जण राहायचो, त्यात आम्ही दोघं गाववाले म्हणून एका ताटात जेवायचो. माल यायला उशीर असला की तो शेडच्या भिंतीला टेकून कानात इयरफोन घालायचा आणि रेडिओ ऐकायचा. आम्हाला वाटायचं गाणी ऐकतो.

त्या वर्षी जुलैत इश्क १०४.८ या एफएमवर ‘गेडिओ’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. मुंबई, दिल्ली, कोलकाता इथं लागायचा. हरीश अय्यर तो चालवायचे. स्वतः समलैंगिक आणि ते न लपवणारे. या कार्यक्रमात समलैंगिकांच्या जगण्याबद्दल उघड बोलणं चालायचं. आणि हे लक्षात घ्या, तेव्हा कलम ३७७ जिवंत होतं. जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. म्हणजे कायद्यानं ज्याला गुन्हेगार ठरवलं तो माणूस माइकवर बसून सांगत होता की मी आहे.

एक दिवस टोळीतल्या एकानं त्याचा इयरफोन उपटला. आवाज उघड्यावर आला. सगळ्यांनी ऐकलं. मग सुरू झालं. मीठा, छक्का, बायल्या. कुणी टाळी वाजवून दाखवली, कुणी कंबर हलवली. तो काही बोलला नाही. मी हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण मी त्याचा ताटवाला होतो आणि टोळीची नजर माझ्यावर येऊ नये एवढंच मला कळत होतं.

रात्री खोलीवर तो म्हणाला, “तू काऊन हासला रे भाऊ? बाकीचे हासले त्याचं मले काही नाही. तू तं जयभीमवाला हाये ना?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आठ दिवसांनी तो काम सोडून गेला. तेव्हा मी आवाजावर कविता लिहीत होतो. आमचा आवाज दाबला, आमची जीभ छाटली, अशा कविता. आणि माझ्या शेजारच्या माणसाचा आवाज मी हसून दाबला होता. आज मी हे त्याला विचारून सांगतोय. तो म्हणाला, “सांग. पण माहं नाव नको घेऊ. गावात माय राह्यते.” म्हणून नाव घेत नाही. नाव सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हा हक्क त्याचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे विलायती फॅड आहे, शहरातल्या पोटभरू लोकांचं. मग ऐका. विलायती काय असेल तर ते ३७७ होतं. मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० च्या दंडसंहितेत आलं. गोऱ्यांनी दिलेला तुरुंग आपण परंपरा म्हणून मिरवला. आणि १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उघडून बघा. त्याच्या एका भागात जमातीच्या जमाती जन्मानं चोर ठरवल्या, आणि दुसऱ्या भागात हिजड्यांची नावं पोलिसांच्या वहीत चढवायचा हुकूम दिला. एकाच कायद्याची दोन पानं. पुढं तो कायदा देशभर पसरला, आणि आपल्या जिल्ह्यातल्या पारध्याच्या पालावर रात्री-बेरात्री पोलीस येतात ते त्याच डागामुळं. कायदा १९५२ साली गेला. डाग गेला नाही. जन्मावरून गुन्हेगार ठरवणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का?

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. ही आपल्या सभांमधे सांगत नाहीत.

र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक चालवायचे. संततिनियमन, लैंगिक आजार, शरीराचे प्रश्न. लोक पत्रं लिहायचे, कर्वे उत्तरं छापायचे. जे घरात, देवळात, दवाखान्यात विचारता येत नव्हतं ते लोक त्यांना विचारायचे. आजचा फोन-इन कार्यक्रम बघा, तेच. त्या प्रश्नोत्तरांवर १९३४ साली अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांच्या त्या प्रश्नांत हस्तमैथुन होतं, समलिंगी संबंधही होते. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर.

महाडचा सत्याग्रह झालेला, गोलमेज परिषदा झालेल्या, पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. धर्मांतराची घोषणा पुढच्या वर्षी, १९३५ ला व्हायची होती. एवढ्या लढाया अंगावर असताना त्या माणसानं हे वकीलपत्र घेतलं. त्यांची भूमिका सरळ होती. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोकांना प्रश्न पडत असतील तर त्यांना ज्ञानानंच उत्तर दिलं पाहिजे. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. पण हरलेल्या खटल्यातसुद्धा बाबासाहेब कुठल्या बाजूला उभे होते ते लिहून ठेवा. हसणाऱ्यांच्या बाजूला ते नव्हते.

आपल्या घरी रेडिओ लागायचा अकोल्याचा, कधी जळगावचा. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम. कापसावर बोंडअळी पडली तर काय फवारायचं, सोयाबीन पिवळं पडलं तर काय करायचं, म्हातारे कान लावून ऐकायचे. अळीबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं. मग सोळा वर्षांच्या पोराला स्वतःच्या शरीराबद्दल, मनाबद्दल प्रश्न पडला तर त्यानं कुणाला विचारायचं? फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते त्याला ठाऊक असतं. आपल्या जिल्ह्यात ते औषध कशाकशाला वापरलं जातं ते मी सांगायला नको.

आता कोर्टाचं थोडक्यात. २ जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टानं सांगितलं, दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं एकांतात काय करतात तो गुन्हा नाही. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. म्हणे, असे लोक मूठभरच आहेत. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी ते चूक ठरवलं आणि माणसं मोकळी झाली. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात ते कलमच नाही. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारला गेला. लढाई चालू आहे.

पण या निकालांच्या पोटात काय आहे? २००९ च्या निकालात आणि २०१८ च्या निकालात आधार घेतलाय तो ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या बाबासाहेबांच्या भाषणाचा. घटनात्मक नीतिमत्ता. ती माणसात उपजत नसते, ती मशागत करून वाढवावी लागते, असं ते सांगत होते. गावाला काय आवडतं, टोळीला कशाचं हसू येतं, ही झाली गर्दीची नीती. गर्दीच्या नीतीनंच आपल्याला पाणवठ्यावरून हाकललं. त्या नीतीविरुद्ध बाबासाहेबांनी जे हत्यार घडवलं, त्याच हत्यारानं हे कुलूप फुटलं. आणि कुलूप फुटलेली माणसं आपल्या वस्तीत आली की आपण टाळ्या वाजवून दाखवतो. लाज वाटली पाहिजे.

थांबा, एवढ्यावर टाळ्या नकोत. आता त्यांचाही हिशेब करू.

मे २०१५. त्याच हरीश अय्यर यांच्या आईनं मुलासाठी नवरा पाहिजे अशी जाहिरात दिली. काही वर्तमानपत्रांनी ती नाकारली, ‘मिड-डे’नं छापली. आपल्या देशातली अशी पहिलीच म्हणून गाजली. माझं त्या माउलीला वंदन आहे. जगासमोर उभं राहून माझ्या पोराला नवरा द्या म्हणायला वाघिणीचं काळीज लागतं. पण जाहिरातीत पुढं होतं, जातीची अट नाही, आणि लगेच कंसात, तरी अय्यर असल्यास बरं. गदारोळ झाला. ते थट्टेनं लिहिलं होतं, असा खुलासा आला. असेल थट्टा. पण दोस्तांनो, थट्टेत जे निघतं ते कुठून निघतं? टोळीतले लोकही माझ्या दोस्ताची थट्टाच करत होते. नवरा-नवरीचा सगळा जुना कायदा मोडला, तरी तो कंस मोडला नाही. या देशात जात कंसात बसून राहते आणि योग्य वेळी बाहेर येते.

तेव्हा स्टुडिओत कोण बसतो, हा प्रश्न विचारायचाच. मुलाखत कुणाची होते? ज्याला इंग्रजी येतं, ज्याच्या घराला बंद करता येणारं दार आहे, ज्याची नोकरी नाव उघड झाल्यावरही टिकते. आमच्या आठ जणांच्या खोलीत कसलं आलंय एकांत? कोर्टानं दिलेला एकांताचा हक्क वापरायला आधी भिंत लागते. लोणारच्या पोराला मुलाखतीला कुणी बोलावलं नाही. तो फक्त ऐकणारा. आणि ऐकताना पकडला गेलेला.

म्हणून दलित समलैंगिक, दलित तृतीयपंथी माणसं स्वतः बोलायला लागली ते मोलाचं आहे. तमिळनाडूत ग्रेस बानू जात आणि लिंग दोन्हीचा हिशेब धरणारं आरक्षण मागतायत. १५ एप्रिल २०१४ ला, भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांना ओळखीचा हक्क दिला, मागास म्हणून आरक्षण द्या असंही सांगितलं. पण जो दलितही आहे आणि तृतीयपंथीही आहे, त्यानं कुठल्या रांगेत उभं राहायचं? हा प्रश्न बानू विचारतात. आपल्याकडं दिशा पिंकी शेख मराठीत कविता लिहितात, वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. टाळी वाजवणारा हात म्हणून ज्यांना आपण ओळखायचो, त्या पक्षाची भूमिका मांडू लागल्या. राजकारण असं बदलतं.

काही जण म्हणतील, आपल्यावर रोज अत्याचार होतायत, जमिनी नाहीत, नोकऱ्या संपल्या, त्यात हे मधेच कशाला? हे वाक्य ओळखीचं वाटत नाही का? १८९५ साली पुण्यात काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरू दिली नाही. आधी राजकारण, समाज नंतर. मग लाल झेंडेवाले आपल्याला सांगायला आले, आधी भाकरी, जात नंतर. आपण ऐकलं का? नाही ऐकलं. मग हे ‘नंतर’ आपण दुसऱ्याच्या तोंडावर कुठल्या तोंडानं मारतो? १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण ते सांगितलंय. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया, आणि राजकारणानं, पैशानं, धर्माच्या नावानं पिळले जाणारे सगळे. धर्माच्या नावानं माझ्या दोस्ताइतकं कोण पिळलं गेलंय?

शेवटचं माइकबद्दल. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तळ्याचं पाणी जसं सगळ्यांचं, तशी हवा सगळ्यांची. पण महाडच्या तळ्यासारखंच आहे हे. कागदावर खुलं, काठावर पहारा. खाजगी एफएमवाल्यांना लायसन पैसेवाल्यालाच परवडतं, आणि २०११ च्या नियमांनी त्यांना बातम्या दिल्या त्या आकाशवाणीच्या, जशाच्या तशा लावायच्या. म्हणजे गाणी लावा, जाहिराती लावा, राजकारण नको. २००६ पासून संस्थांना समुदाय रेडिओ काढता येतो. बंगळुरूच्या रेडिओ ॲक्टिव्हवर तृतीयपंथी निवेदक बसली. मग मेहकरला, लोणारला, खामगावला का नाही? आणि रेडिओ होईल तेव्हा होईल. चौदा एप्रिलला आपल्या वस्तीत भोंगा लागतोच ना? त्या भोंग्यावर पाच मिनिटं या विषयाला द्या. १९२० साली बाबासाहेबांनी पत्राचं नाव ‘मूकनायक’ ठेवलं, ते मुक्यांनी मुकंच राहावं म्हणून नाही.

माझ्या तीन मागण्या आहेत. एक, आपल्या कवितेत, आपल्या पथनाट्यात, छक्का आणि बायल्या हे शिवी म्हणून येता कामा नये. आपल्या जातीची नावं शिवी म्हणून ऐकलेल्यांनी ही शिवी वापरू नये. दोन, आपल्या अंकाची दोन पानं अशा प्रश्नांसाठी ठेवा, नाव न छापता. उत्तरं डॉक्टरांकडून, वकिलांकडून घ्या, कीर्तनकाराकडून नको. तीन, पुढच्या शिबिरात या विषयावर मी बोलणार नाही. ज्याचं दुःख त्यानं बोलावं. मी खुर्च्या लावीन.

त्याला मी परवा फोनवर सांगितलं की शिबिरात हे बोलणार आहे. तो म्हणाला, “पोरं हासतीन.” मी म्हटलं, हसतील. मग तो म्हणाला, “तू नको हासू म्हंजे झालं.”

मी हसणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

जयभीम.