संगणकावरील अ‍ॅप बंद पडले, अभ्यास बंद पडू नये
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणक आणि अभ्यास या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी संस्थेची आज्ञा झाली. विषय फार मोठा आहे. वेळ थोडा आहे. म्हणून त्यातील एकच बाब मी आपल्यापुढे ठेवणार आहे. मोबाईलची अ‍ॅप घरच्या संगणकावर चालविण्याची एक सोय काही वर्षांपूर्वी निघाली होती. ५ मार्च २०२५ रोजी तिचा आधार काढून घेण्यात आला. ही सोय काय होती, ती का टिकली नाही आणि तिच्यापासून आपण कोणता धडा घ्यावयाचा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपण म्हणाल, याचा आमच्या घराशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. आपल्या पुष्कळ घरांत चांगला मोबाईल एकच असतो आणि तो अब्बांच्या खिशात असतो. ते सकाळी कामावर गेले की मोबाईलही गेला. घरी उरतो तो एखादा जुना संगणक. कोणी आखाती देशातून पाठविलेला, कोणी हप्त्याने घेतलेला. मुलीची शिकवणी अ‍ॅपवर, गृहपाठ अ‍ॅपवर, सराव-परीक्षाही अ‍ॅपवर. ती संध्याकाळपर्यंत मोबाईलची वाट पाहत बसते. मोबाईल घरी येतो तेव्हा धाकटा भाऊ तो आधी मागतो आणि त्यालाच तो आधी मिळतो. अशा घरात मोबाईलचे अ‍ॅप संगणकावर उघडले, तर त्या मुलीचे दिवसाचे चार तास वाचतात. तिच्या दृष्टीने ही चैनीची वस्तू नाही.

आता मुळात अडचण काय आहे, ते पाहू. मोबाईलचे अ‍ॅप संगणकावर सहजासहजी का चालत नाही? याची दोन कारणे आहेत. मोबाईलमधील प्रोसेसर बहुतेक एआरएम जातीचा असतो, तर आपल्या घरच्या संगणकातील बहुतेक इंटेल किंवा एएमडी या कंपन्यांचा, वेगळ्या जातीचा असतो. दोघांना मिळणाऱ्या हुकमांची भाषा निराळी. दुसरे असे की, मोबाईलचा कारभार अँड्रॉइड पाहते आणि संगणकाचा विंडोज. त्यामुळे मोबाईलचे अ‍ॅप संगणकावर आणावयाचे म्हणजे त्याला एक दुभाषी द्यावा लागतो आणि राहावयास एक स्वतंत्र खोलीही द्यावी लागते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने हीच व्यवस्था केली. जून २०२१ मध्ये विंडोज ११ ची घोषणा झाली, तेव्हा तीत अँड्रॉइडची अ‍ॅप चालतील असे सांगण्यात आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चाचणी घेणाऱ्या सभासदांना आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील सर्वसाधारण ग्राहकांना ही सोय प्रायोगिक स्वरूपात मिळाली. पुढे ती आणखी देशांत गेली. तिचे नाव विंडोज सबसिस्टिम फॉर अँड्रॉइड. दुभाष्याचे काम इंटेलच्या तंत्राकडे होते आणि अ‍ॅपचे दुकान अ‍ॅमेझॉनचे होते.

म्हणजे पाहा, घर मायक्रोसॉफ्टचे, त्यात खोली अँड्रॉइडला दिलेली आणि त्या खोलीत दुकान अ‍ॅमेझॉनने थाटलेले. मुंबईच्या चाळीत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना पोटभाडेकरू म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. पोटभाडेकरूची घरमालकाशी ओळख नसते आणि करारावर त्याचे नाव नसते. वरच्यांचे आपसात बिनसले किंवा त्यांचा विचार बदलला की त्याला सामान उचलावे लागते. या सोयीवर विसंबून बसलेल्या ग्राहकाची स्थिती नेमकी अशीच होती.

सोयीत काही उणिवाही होत्या. अ‍ॅमेझॉनच्या दुकानात सुरुवातीला हजारभर अ‍ॅप होती. गूगलच्या दुकानात ती लाखांनी मोजतात. पुष्कळ अ‍ॅप गूगलच्या अंतर्गत सेवांवर विसंबून असतात, आणि त्या सेवा या व्यवस्थेत नव्हत्या. त्यामुळे एखादे अ‍ॅप खटपट करून बसविले, तरी ते नीट चालेल याची खात्री नसे. शिवाय संगणकाची रॅम किमान ८ जीबी हवी आणि १६ असल्यास उत्तम, अशी अट होती. ज्याच्याकडे जुना संगणक आहे त्यालाच या सोयीची खरी गरज, आणि त्याच्याच दारी ती पोहोचत नव्हती.

शेवटी ५ मार्च २०२४ रोजी कंपनीने जाहीर केले की, एक वर्षानंतर हा आधार संपेल. ज्यांनी अ‍ॅमेझॉनचे दुकान आधीच बसविले होते, त्यांना वर्षभराची मुदत मिळाली. नव्या ग्राहकांना दुसऱ्याच दिवसापासून दार बंद झाले. पूर्वसूचना दिली, हे कंपनीच्या बाजूने मान्य केले पाहिजे. पण वर्षभराची सूचना मिळूनही ज्याने आपले सामान हलविले नाही, त्याच्या हाती काय राहिले?

हा प्रकार एकट्याचा नाही. याच कंपनीने २०१५ मध्ये अँड्रॉइडची अ‍ॅप विंडोजच्या फोनवर आणण्याची एक योजना जाहीर केली होती. ती फेब्रुवारी २०१६ मध्ये सोडून देण्यात आली. अ‍ॅमेझॉनने अँड्रॉइड मोबाईलवरील आपले अ‍ॅपचे दुकानही २० ऑगस्ट २०२५ रोजी बंद केले. आता ते त्यांच्या स्वतःच्या उपकरणांपुरते राहिले आहे. अ‍ॅपल कंपनीच्या नोव्हेंबर २०२० पासूनच्या नव्या संगणकांत आयफोनसारखाच प्रोसेसर असल्यामुळे तेथे दुभाषी लागत नाही. तरी अ‍ॅप बनविणाऱ्याने परवानगी दिली नसेल, तर ते तेथेही मिळत नाही. सारांश, तंत्र असो वा नसो, किल्ली दुसऱ्याच्या हाती असते.

मग अ‍ॅप वापरूच नये काय? असे माझे मुळीच म्हणणे नाही. अ‍ॅपने खेड्यापाड्यातील मुलाला चांगला शिक्षक दाखविला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. माझे म्हणणे एवढेच की, अ‍ॅप हे वाहन आहे. विद्या वाहनात ठेवून घरी परतू नये. ती उतरवून घरात आणावी. त्यासाठी पाच गोष्टी मी सुचवितो.

पहिली गोष्ट, पैसे भरण्यापूर्वी विचारा: हेच शिक्षण ब्राउझरमध्ये, म्हणजे संकेतस्थळावर, मिळते काय? संकेतस्थळ मोबाईलवरही उघडते आणि संगणकावरही उघडते. त्याला दुभाष्याची गरज नाही. शिकवणीच्या दुकानदाराने ‘फक्त अ‍ॅपवर’ असे सांगितले, तर वर्षाची फी एकदम भरू नका. महिन्याची सोय आहे का, ते पाहा.

दुसरी गोष्ट, जे फुकट आणि टिकाऊ आहे ते आधी वापरा. बालभारतीची पाठ्यपुस्तके मराठी, उर्दू, इंग्रजी आदी माध्यमांत पीडीएफ स्वरूपात तिच्या संकेतस्थळावर मिळतात. एकदा उतरवून घेतली की जुन्या संगणकावरही उघडतात आणि इंटरनेट नसले तरी वाचता येतात. दीक्षा आणि स्वयम् या सरकारी व्यवस्था २०१७ पासून आहेत; त्यांची अ‍ॅप आहेत, तशीच संकेतस्थळेही आहेत. उर्दू साहित्याची गोडी असणाऱ्यांना रेख्ताच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तके वाचावयास मिळतील. यासाठी नवा मोबाईल घ्यावा लागत नाही.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. मित्रांनो, अ‍ॅपमध्ये लिहिलेली टिपणे, सोडविलेल्या प्रश्नपत्रिका आणि मिळालेले गुण तुमच्या मालकीचे आहेत असे समजू नका. दर रविवारी ते बाहेर काढा. पीडीएफ करता आले तर करा. नाही तर वहीत उतरवा. संगणकात प्रत्येक विषयाचे एक फोल्डर ठेवा आणि त्याची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. कंपनी बंद पडली तरी वही बंद पडत नाही.

चौथी गोष्ट सावधगिरीची. अधिकृत आधार गेल्यानंतर अनेक अनोळखी संकेतस्थळांवर ‘तीच सोय पुन्हा मिळवा’ अशा जाहिराती दिसतात. कोणी तरी बदल केलेल्या फाइली त्यात असतात. त्या संगणकात उतरविणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची चावी देणे होय. ब्लूस्टॅक्ससारखी एम्युलेटर म्हणजे नकली मोबाईल निर्माण करणारी साधने आहेत. ती घ्यावयाचीच असतील तर मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत, आणि त्यांत बँकेची किंवा पैसे पाठविण्याची अ‍ॅप कधीही उघडू नयेत. जुन्या संगणकावर ती फार संथ चालतात, हेही लक्षात असू द्या.

पाचवी गोष्ट, वस्तू विकत घेताना तिचे आयुष्य विचारा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चालू स्थितीतील कित्येक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. क्रोमबुक नावाच्या संगणकांवर अँड्रॉइडची अ‍ॅप चालविण्याची सोय २०१६ पासून आहे. पण प्रत्येक क्रोमबुकला सुधारणा मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. सेकंड-हँड वस्तू स्वस्त मिळाली म्हणून आनंद मानण्यापूर्वी ती तारीख पाहा. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण पाहतोच ना? मग हजारो रुपयांच्या वस्तूची का पाहू नये?

शिक्षक बंधू-भगिनींनाही एक नम्र विनंती आहे. गृहपाठ केवळ अ‍ॅपमधून देऊ नये. त्याची एक साधी प्रत, कागदावर किंवा कुठल्याही संगणकावर उघडेल अशा फाइलमध्ये, मुलांना द्यावी. ज्या मुलीच्या हाती दुपारी मोबाईल नाही, तिची गैरहजेरी आपण आळसाच्या खात्यात मांडू नये. शाळेतील संगणक-कक्ष शाळा सुटल्यावर तासभर उघडा राहिला, तर अशा मुलांची मोठी सोय होईल. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांनी स्वतःचे शिक्षण अर्धवट सोडून मुलांना शाळेत घातले आहे. घामाचा पैसा आपण फीमध्ये आणि उपकरणांत घालता. तो पैसा कोणाच्या तरी बदलत्या मर्जीवर टांगलेला राहू नये, एवढ्यासाठी हे सारे सांगितले. आजच घरी गेल्यावर मुलांजवळ बसा आणि विचारा: ‘तुझे हे अ‍ॅप उद्या सकाळी उघडले नाही, तर तुझ्याजवळ काय उरेल?’ उत्तरादाखल मुलाने वही पुढे केली, तर काळजीचे कारण नाही. मूल गप्प राहिले, तर येत्या रविवारपासून कामाला लागा.