पुस्तक फोनात आहे, पण बसायचं कुठे?

(नाशिकमध्ये तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला विषय दिलाय 'मोबाइल, टॅबलेट आणि ग्रंथालय'. मी ग्रंथपाल नाही. जुन्या नाशकात वाढलेला आणि वाचनालयाच्या टेबलावर बसून शिकलेला माणूस आहे. म्हणून सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

माझी भाची अकरावीत असताना म्हणाली, "मामू, मला वाचनालयाची सभासद करून द्याल?" मी हसून म्हणालो, "अगं, सगळं फोनमध्ये आहे. वर्गणी कशाला भरायची?" ती गप्प बसली. पुढे बहिणीकडे दोन दिवस राहिलो, तेव्हा कारण कळलं. घरात चांगला फोन एकच आणि तो तिच्या भावाचा. सकाळी भाऊ कामावर गेला की फोनही गेला. रात्री तो जेवून झोपला की फोन हिच्या हातात. तोपर्यंत साडेदहा वाजलेले, बॅटरी संपत आलेली आणि अम्मी म्हणणार, "अब लाइट बंद कर." मी जिला ग्रंथालय म्हणत होतो, ती वस्तू दिवसभर दुसऱ्याच्या खिशात होती.

आता फोननं काय दिलं तेही प्रामाणिकपणे सांगू. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली आला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. ते 20 जाड खंड घरी ठेवणं आपल्यापैकी कुणाला परवडलं असतं? आज त्यातली नोंद फोनवर मिनिटभरात उघडते, तीही फुकट. आपल्यातले अनेक जण मराठी माध्यमात शिकले. घरात उर्दू कानावर पडते, पण लिपी वाचता येत नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या 'रेख्ता' या संकेतस्थळावर उर्दू शायरी देवनागरीत वाचता येते. ज्यांची दृष्टी गेली आहे त्यांना फोन मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. हे छोटं काम नाही.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 साली आपल्या याच नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साधारण 60 वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 2011 पासून ते पुस्तक कुणीही छापू शकतो, इंटरनेटवर ठेवू शकतो. अशी पुस्तकं हक्कानं उतरवून घ्या.

पण सगळी पुस्तकं अशी खुली नसतात. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉननं आपल्या किंडल यंत्रांवरून जॉर्ज ऑर्वेलच्या '1984' या कादंबरीच्या विकलेल्या प्रती दुरूनच पुसून टाकल्या. ज्यानं ती आवृत्ती विक्रीला ठेवली, त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, पण एका विद्यार्थ्यानं वाचता वाचता केलेल्या नोंदी निरुपयोगी झाल्या. कंपनीनं नंतर माफी मागितली. 2011 मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकानं ग्रंथालयांसाठी नियम केला, की एक ई-पुस्तक 26 वेळा वाचकांना दिलं की त्याचा परवाना संपला, पुन्हा विकत घ्या. कपाटातलं कागदी पुस्तक पाने सुटली तरी बांधून घेऊन पुढच्या वाचकाला देता येतं. म्हणून ई-पुस्तक वाचताना ते आपलं आहे की वापरायला दिलेलं, हे विचारायला शिका.

दुसरी अडचण रोजची. तुम्ही जी पीडीएफ एकमेकांना पाठवता, ती पुष्कळदा पानांची नुसती छायाचित्रं असतात. लहान पडद्यावर अक्षर मोठं केलं की ओळ कापली जाते, बोटानं डावीकडे-उजवीकडे सरकवत राहावं लागतं. तेवढ्यात वरून मेसेज येतो. अर्ध्या तासात चार पानं होतात. टॅबलेटवर हे सोपं जातं, पण टॅबलेट किती घरांत आहे?

आता आपल्या शहराकडे या. सार्वजनिक वाचनालय नाशिक, आपलं 'सावाना', 1840 सालचं. दूधबाजार किंवा चौक मंडईतून टिळक पथावर पायी जाता येतं. शहरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. स्पर्धा परीक्षेची मुलं बसलेली असतात आणि बहुतेकांसमोर फोन असतो. वाचायचा मजकूर फोनवरच आहे, तरी ती इथे येतात. कारण घरी टेबल नाही, शांतता नाही. फोननं पुस्तक हातात दिलं, जागा दिली नाही.

ज्यांना जाता येत नाही, त्यांचाही विचार याच शहरानं केलाय. कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 2009 मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, वाचून झाली की बदलून मिळते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 मध्येच मांडलं होतं, की ग्रंथालय ही वाढत जाणारी गोष्ट आहे. मग ते पेटीतून वाढेल, फोनमधूनही वाढेल.

म्हणून तीन कामं सुचवतो. एक, ज्यांना शक्य आहे त्यांनी वाचनालयाचं सभासद व्हा आणि घरातल्या बहिणीचं नाव आधी नोंदवा. दोन, मोहल्ल्यात एक खोली शोधा. टेबल, चांगला दिवा, चार्जिंगची सोय आणि खुल्या पुस्तकांनी भरलेले एक-दोन जुने टॅबलेट. मुलींसाठी ठरावीक वेळ ठेवा आणि ती पाळा. तीन, ती खोली टिकली तर तिची रीतसर नोंदणी करा. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त वाचनालयाला अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. तो पैसा आपल्याही करातून येतो. मागायला संकोच कसला?

माझ्या भाचीची वर्गणी मी नंतर भरली. वर्ष उशिरा. मागच्या आठवड्यात तिला फोन केला, तर उचलला तिच्या भावानं. म्हणाला, "मामू, फोन माझ्याकडेच आहे. ती वाचनालयात गेलीय."