दोन कागद, एक सुई आणि आपली चित्रवही

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



गणपती हा चौसष्ट कलांचा अधिपती. त्याच्यासमोर दरवर्षी आपली मुले चित्रकला स्पर्धेत बसतात. मोठी माणसे मात्र कडेला उभी राहून म्हणतात, "आम्हाला कुठे चित्र येतं!" आजचे माझे बोलणे या मोठ्या माणसांसाठी आहे. प्रत्येक घरात एक चित्रवही असावी, एवढेच मला सांगायचे आहे. चित्रवही म्हणजे चित्रांची रोजनिशी. रोज एक लहानसे चित्र, खाली तारीख आणि मराठीत एक ओळ.

पहिली शंका खर्चाची. दुकानातल्या जाड कागदाच्या वह्यांची किंमत पाहिली की हौस तिथेच विरते. म्हणून वही घरीच शिवावी. २२ बाय ३० इंचांचे दोन जाड ड्रॉइंग पेपर घ्या. प्रत्येकाचे चार सारखे तुकडे करा. ते आठ तुकडे मधोमध दुमडून एकात एक घातले की १६ पाने, म्हणजे ३२ पृष्ठे झाली. घडीवर दाभणाने तीन भोके पाडा. गोधडीचा दोरा मेणबत्तीवर ओढून घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मग आतल्या बाजूने थेट खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन टोकांची गाठ मधल्या लांब टाक्यावरून मारा. वेष्टनाला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आणि कणकेची खळ. खळीत चिमूटभर तुरटी घाला.

आता रंग. आपले जबलपूर यासाठी भाग्यवान. गेरू, पिवळी रामरज आणि खेड्यांत भिंती सारवायची पांढरी छुई माती इथे सहज मिळते. माती पाण्यात ढवळावी, जाड कण खाली बसू द्यावेत, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे. त्यात खाली बसतो तो बारीक रंग. बाभळीचा डिंक दुप्पट गरम पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळावा, त्यात मधाचे दोन थेंब टाकावेत आणि रंग त्यात खलावा. काळ्यासाठी दिव्याची काजळी. रिकाम्या शिंपल्या किंवा औषधाच्या बाटल्यांची झाकणे ही रंगाची भांडी. हळद आणि जास्वंद मात्र मोहात पाडतात आणि उजेडात फिकी पडतात. माती आणि काजळी टिकते. एवढी खटपट नको असेल त्यांनी शाळकरी मुलांची वड्यांची रंगपेटी घ्यावी. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग आपल्यापैकी किती जणांनी शाळेत वापरले असतील! लेखणीला बोरू पुरे. सगळा खर्च सिनेमाच्या एका तिकिटाच्या आत बसतो.

स्वस्त साहित्य म्हणजे हलकी कला, असे कोणी समजू नये. १९३६ साली आपल्या खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या नगरीची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली. १९३८ साली हरिपुऱ्याला गांधीजींच्या इच्छेवरून त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत खेड्यातली माणसे रंगवली. ती चित्रे आज देशाचा ठेवा आहेत. त्याच नंदबाबूंचे शिष्य आपल्या जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा. राज्यघटनेच्या मूळ प्रतीतले उद्देशिकेचे पान त्यांनी सजवले. गोलबाजारातल्या शहीद स्मारकातली भित्तिचित्रे पाहिली नसतील तर जरूर पाहा. आणि शेजारच्या पाटणगढचे जनगढ सिंह श्याम? घराच्या मातीच्या भिंतीवर काढणारा हा गोंड तरुण पुढे भोपाळच्या भारत भवनात पोहोचला.

आता मुख्य गोष्ट. चित्रवही कशासाठी? १९५६ साली मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले, तेव्हा माझे वडील कारकून म्हणून नागपूरहून इथे आले. त्यांची एक हिशेबाची वही माझ्याकडे आहे. दूध, भाडे, किराणा आणि समासात पेन्सिलीने काढलेला आमच्या घरचा तांब्याचा बंब. बंब कधीच मोडीत गेला. त्याचा फोटो कोणी काढला नव्हता. वडिलांना चित्रकला येत नव्हती, बंबाची तोटी वाकडीच आहे. पण माझी नात त्या चित्रावर बोट ठेवून विचारते, "आजोबा, हे काय?" आणि अर्धा तास घरात मराठीत गप्पा होतात.

नागपूरकडची माणसे ज्या छोट्या गाडीने गोंदियावरून इथे येत, तिचा जबलपूरचा नॅरोगेज मार्ग २०१५ साली बंद झाला. आज तिथे ब्रॉडगेज आहे, सोयही झाली. पण डब्यातला तो लाकडी बाक, नैनपूरचा फलाट कोणाच्या वहीत आहे? ग्वारीघाटच्या नावा, मदनमहालचे काळे खडक, आईची चैत्रांगणाची रांगोळी, आपल्या घरातल्या गौरींचे मुखवटे हे सारे अजून डोळ्यांसमोर आहे. आपली नातवंडे पुण्याला, बंगळूरला, परदेशात आहेत. ती मराठी बोलतात, पण पुष्कळांना वाचता येत नाही. चार पानांचे आत्मचरित्र ती वाचणार नाहीत. पण चित्र पाहतील, आणि खाली काय लिहिले आहे हे विचारतीलच. त्या एका ओळीसाठी ती अक्षरे ओळखायला शिकतील, अशी मला आशा आहे.

सुरुवात आरतीच्या तबकापासून करा. निरांजन, घंटा, दूर्वांची जुडी. रेष वाकडी आली तरी खोडरबर घेऊ नका, तारीख घाला. पुढच्या गणेशोत्सवात मुलांच्या चित्रांशेजारी एक टेबल आपल्या चित्रवह्यांसाठी ठेवावे, अशी मी कार्यकारिणीला विनंती करतो. त्यात स्पर्धा नको आणि बक्षीसही नको. वह्या उघड्या ठेवायच्या आणि एकमेकांच्या चाळायच्या, एवढेच.

 गणपती बाप्पा मोरया!